पोस्टिंग आणि पास

आज मेडिकल कॉलेजच्या ज्युनिअर्ससोबत मालाडच्या मालवणीत कम्युनिटी मेडिसिनच्या पोस्टिंगला, म्हणजे वस्तीतल्या आरोग्यकामाच्या प्रशिक्षणाला गेले. एक मुलगी डोंबिवलीची. लोकलचा सवलतीचा पास घर ते कॉलेज एवढाच, त्यामुळे दादरला गाडी बदलली की मालाडचं तिकीट वेगळं. पुढे बेस्टची बस, जिचं किमान भाडं मे २०२५ मध्ये ५ वरून १० रुपये झालं. रिक्षाचं मीटर तर २६ पासूनच सुरू. शिवाय दुपारी लेक्चरला परत कॉलेज! इंटर्नना निदान विद्यावेतन असतं, या मुलांना घरीच मागावं लागतं. ती म्हणाली, "ताई, उद्यापासून स्टेशनवरून चालतच येईन." फार लागलं मला ते. मग रिक्षासाठी तिघीतिघींचे गट पाडले. पोस्टिंगची यादी महिनाभर आधी लागली तर दादर-मालाडचा मासिक पास काढता येईल. उद्या मॅडमना भेटून तेच मागणार आहे.