ग चढा आहे

साडेबारा वाजून गेले. झोप नाही, म्हणून लिहितेय.

आज प्रोग्रॅम एकदाचा वाजला. पायथनच्या आठ ओळी, प्रत्येक ओळीत एक बीप: आधी वारंवारता, म्हणजे स्वर किती उंच ते हर्ट्झमध्ये, मग किती मिलिसेकंद. दुपारभर नुसत्या चुका दाखवत होता, कारण सा म्हणून मी २६१.६३ लिहिलं होतं आणि विंडोजच्या त्या बीपला दशांश चालतच नाहीत. २६२ केलं, एंटर मारला, आणि लॅपटॉपने सा लावला. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला.

आतून आत्या ओरडली, "कुणाचा फोन वाजतोय गं? उचला की!"

तेव्हाच हसून सोडायला हवं होतं. पण मी लॅपटॉप घेऊन तिच्यापुढे जाऊन बसले. सा ते वरचा सा, प्रत्येक स्वर अर्धा सेकंद. तिने डोळे मिटून ऐकलं. म्हणाली, "ग चढा आहे." आणि परत पेपरात डोकं.

"अगं, तो कॉम्प्युटर आहे. ३३० म्हणजे ३३०."

"असेल."

त्या "असेल"ने संध्याकाळची वाट लावली. भांडली असती तर बरं झालं असतं. दिवसभर राबून आठ स्वर काढले, आणि त्यातलाही एक चढा? कौतुक राहू दे, निदान "छान" तरी. आणि नेमका गच का? क्लासमध्ये पण गच होता. माझा उतरायचा, दर वेळी. पेटी बंद करून मी उठले त्या दिवशी बाबा दारातच... जाऊ दे, ते नको.

रात्री कागद घेऊन बसले, ती कशी चुकली हे सिद्ध करायला. मी घेतलेले आकडे सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून येतात. एका भागातून पुढच्यात जायला दर वेळी १.०५९५ ने गुणायचं, बाराव्या उडीला बरोबर दुप्पट. सोय म्हणून केलेली वाटणी. पण साशी जुळून येणारा शुद्ध गंधार, म्हणजे ग, असतो साच्या सव्वापट. २६२ची सव्वापट ३२७.५. माझा ३३०.

अडीच हर्ट्झ चढा.

पंचमाचं ठीक आहे, दीडपट म्हणजे ३९३, मी ३९२ घातलेत. पण ध आणि नी गपेक्षाही चढे निघाले, तीनेक हर्ट्झने. ते ती बोललीच नाही. दया केली म्हणायची. सव्वापट वगैरे तिच्या गावीही नसेल, आणि मला ते कळायला कॅल्क्युलेटर लागला.

३३०चे ३२७ केले. हेडफोन लावून जुना ग, नवा ग, जुना, नवा, दहा वेळा ऐकला. मला दोन्ही सारखेच वाटतात! क्लासमधल्या बाईंचा आता थोडा कमी राग येतोय.

३२७ म्हणजे अर्धा हर्ट्झ उतराच राहिला. गेला शेवटी माझ्याच वळणावर. ३२८ करता येतील, पण मग सकाळी पुन्हा "चढा" ऐकावं लागेल.