गॅस भरपूर, दांड फुटलेला

नवतप्याचे दिवस होते. सूर्य रोहिणीत गेला की आमच्याकडे नऊ दिवस दुपारी कुत्रंही रस्त्यावर दिसत नाही, आणि माझ्या शेडसमोर नेमकी तेव्हाच गाड्यांची रांग लागते. नागपूर-हैदराबाद रस्त्यावर, जामच्या चौरस्त्यापासून थोडं पुढे, माझं गाड्यांच्या एसीचं काम आहे. डोक्यावर टिनपत्रे, कोपऱ्यात एक कूलर. दुपारी दोनला तोही गरम वाराच फेकतो. लोकांच्या गाड्या थंड करणारा माणूस स्वतः उकडून निघतो, हे आता सवयीचं झालं आहे.

त्या दिवशी गिरडकडचे एक काका आले. जुनी छोटी गाडी, पुढच्या सीटवर म्हातारी आई. आजींना दाखवायला सेवाग्रामला निघाले होते.

"भाऊ, पटकन गॅस भरून दे. थंडीच नाही करून राह्यली गाडी."

"मागे कधी भरला होता, काका?"

"याच महिन्यात. दोन डाव."

एका महिन्यात दोनदा गॅस लागत असेल तर एक तर मोठी गळती असते, नाहीतर गॅस कधी कमी झालेलाच नसतो. गॅसचा दाब मोजायचं गेज लावून पाहिलं. खालचा काटा 40 वर, वरचा 280 च्या आसपास. एवढ्या उन्हात हे आकडे अगदी ठीक. कंप्रेसरकडे परत जाणारा जाड पाइप हाताला गारेगार लागत होता. म्हणजे थंडी तयार होत होती, ती आत पोचत नव्हती.

ब्लोअर चारवर लावला तरी जाळीतून नुसती झुळूक. ग्लोव्ह बॉक्स काढून केबिन फिल्टर ओढला, तर हातात रुईची गादीच आली. विचारल्यावर कळलं, कापसाच्या हंगामात काका जिनिंगच्या आवारात ट्रॅक्टर खाली होईपर्यंत एसी लावून गाडीतच बसत, आणि बटण बाहेरची हवा घेण्यावर. समोरच्या काचेखालच्या जाळीतून ब्लोअर हवा ओढतो, तिच्यासोबत उडती रुईही. मी पोऱ्याला ऐटीत म्हटलं, "पाह्य, हा आजार." नवा फिल्टर टाकला, आतली हवाच फिरेल असं बटण लावलं. ब्लोअर सोसाट्याने वाहू लागला. मधल्या जाळीत थर्मामीटर खोचला आणि पाच मिनिटं थांबलो.

23.

हवा भरपूर आली होती, पण कोमट. माझी ऐट तिथंच उतरली. एक क्षण कंप्रेसरवर संशय गेला. ते नाव काढलं असतं तर काकांचा खिसा रिकामा झाला असता, आणि गेज तर मघाशीच त्याच्या बाजूने साक्ष देऊन गेलं होतं.

तेवढ्यात आजी बोलल्या. "बाबू, माह्ये पाय भाजून राह्यले. घरापासून सांगून राह्यली, कोनी आयकत नाही."

"माय, इंजिनाची गरमी होय ते," काका म्हणाले.

मी वाकून आजींच्या पायाशी हात धरला. चुलीसमोर धरावा तशी झळ! आणि वर तोंडावर कोमट वारा. उत्तर तिथंच होतं.

डॅशबोर्डच्या आत प्लॅस्टिकचा एक डबा असतो. ब्लोअरची हवा आधी कूलिंग कॉइलमधून जाते आणि थंड होते. पुढे एक झडप असते, ती त्या हवेला दोन वाटा देते. एक वाट सरळ पुढे, दुसरी हीटरच्या कॉइलमधून, जिच्यात इंजिनाचं 90 अंशांच्या आसपास तापलेलं पाणी खेळत असतं. निळ्या-लाल खुणेचा नॉब फिरवला की हीच झडप सरकते. त्यानंतरच्या झडपा ठरवतात, हवा तोंडावर जाईल, पायाकडे की काचेवर. आजींच्या पायाला गार लागावं म्हणून काकांनी नॉब तोंड आणि पाय दोन्हीच्या खुणेवर ठेवला होता. पण ती खूण थंडीच्या दिवसांसाठी असते. तोंडाला गार आणि पायाला उबदार मिळावं म्हणून डबाच असा घडवतात की दोन्ही हवा पुरत्या मिसळत नाहीत. काकांची माया आजींच्या पायाला चटके देत होती.

खात्री करायला बोनेटमध्ये हीटरकडे जाणाऱ्या रबरी पाइपला क्लॅम्पचा चिमटा लावला. हळूच, जुना पाइप चिरला तर उकळतं पाणी अंगावर येतं. काही मिनिटांत थर्मामीटर 12 वर आला. पोऱ्या माझ्याकडे पाहतच राहिला.

निळा-लाल नॉब फिरवून पाहिला. लोण्यासारखा फिरला, मागे काही ओढल्याची जाणीवच नाही. "काका, इतक्यात टेप बदलला का?"

"नातवानं बसवून आणला ना, मोठ्या पडद्याचा."

टेप काढला. मागे झडपेची केबल क्लिपमधून निसटून लोंबत होती. टेप बसवताना कोणाचा तरी हात लागला असेल. झडप अर्ध्यात अडकली होती. नॉब निळ्याच्या टोकाला नेला, झडपेचा दांडा गार टोकाला दाबून धरला, मग केबल क्लिपमध्ये बसवली. उलट्या क्रमाने केलं तर नॉब शेवटाला पोचतो, झडप मात्र बोटभर उघडी राहते. चिमटा काढला. 11.

काकांना अजून पटत नव्हतं. "मंग दोन डाव गॅस कायले भरला?"

"काका, विहिरीला पाणी आहे, मोटार चालू आहे, आणि वावर कोरडं. तुम्ही काय करता? विहीर खोदता की पाण्याचा दांड पाहता?"

"दांड पाहतो न बावा." मग ते बराच वेळ त्या क्लिपच्या जागेकडे पाहत राहिले, आणि गॅस भरणाऱ्याच्या नावाने एक शिवी हासडली.

फिल्टरचे पैसे घेतले, मजुरीचे 300. क्लिपचे काय घेणार?

गाडी सुरू झाली. मी खिडकीतून विचारलं, "आजी, आता पाय?"

"गारठून राह्यले बाबू," म्हणत आजींनी लुगड्याचा पदर पायावर ओढला. मी हात घालून नॉब नुसत्या तोंडाच्या खुणेवर फिरवला आणि दार लावून घेतलं.