डोक्यातलं यंत्र आणि बाहेरची वायर

मेंदूत यंत्रं बसवण्याबद्दल मला काय वाटतं, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू न येणाऱ्यांच्या कानात शस्त्रक्रियेनं बसवतात ते यंत्र, झालेल्या मुलांबरोबर काम करते. त्यामुळे मेंदूत चिप बसवल्याची बातमी आली की कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, उद्या यंत्रं थेट डोक्यात शिरणार, मग माणसाचं काय होणार?"

यंत्रं केव्हाच शिरलीत. इम्प्लांटच्या इलेक्ट्रोडची बारीक माळ कानाच्या आतल्या शंखात बसते आणि श्रवणाच्या नसेला थेट विजेचे संकेत देते. चांगल्या कानात या कामाला साधारण 3,500 पेशी असतात. इथे इलेक्ट्रोड फक्त 12 ते 22. एवढ्याशा शिदोरीवर मूल 'आई' आणि 'ताई' वेगळं ओळखायला शिकतं. त्यामागे महिनोन्‌महिने मॅपिंग (म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडचा संकेत त्या मुलाला जुळवून घेणं), थेरपी आणि घरच्यांचं न कंटाळता बोलत राहणं असतं. मला यंत्रापेक्षा त्या इवल्या मेंदूचंच जास्त कौतुक वाटतं.

मन वाचलं जाईल ही भीती खोटी नाही. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी खटल्यात संशयितांचं संमतीशिवाय ब्रेन मॅपिंग, म्हणजे तपासासाठी मेंदूच्या लहरी मोजणं, करायला मनाई केली, ते बरंच झालं. पण माझा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकतो.

आत बसवलेल्या भागाला स्वतःची बॅटरी नसते. कानामागच्या प्रोसेसरपासून एक वायर निघते, तिच्या टोकाची चुंबकाची चकती डोक्याला चिकटते आणि कातडीपलीकडे वीज आणि आवाज दोन्ही पोचवते. ती वायर आतून तुटली की मूल त्या क्षणी ठार बहिरं. शस्त्रक्रिया सरकारी योजनेतून झालेली असते, पण वॉरंटी संपल्यावर वायरचे हजारो रुपये आईबापांनी कुठून आणायचे? नवी येईपर्यंत वर्गात बसलेलं ते पोर मी पाहिलंय. बाई फळ्याकडे वळल्या की त्याला ओठही दिसत नाहीत.

2024 मध्ये मेंदूत चिप बसवणाऱ्या न्यूरालिंक कंपनीच्या पहिल्या रुग्णाच्या मेंदूतले चिपचे बरेच इलेक्ट्रोडचे धागे काही आठवड्यांतच मागे सरकले. कंपनीनं सॉफ्टवेअर सुधारलं आणि तो पुन्हा नुसत्या विचारानं कॉम्प्युटरचा कर्सर नीट चालवू लागला. कंपनी मागे उभी होती म्हणून हे झालं. 'आर्गस 2' बसवलेल्यांच्या नशिबी ते नव्हतं. डोळ्याच्या पडद्यावर 60 इलेक्ट्रोड बसवून अंधांना थोडा उजेड, थोडे आकार दाखवणारं ते यंत्र जगभरात 350हून जास्त लोकांना बसवलं गेलं. मग कंपनी अडचणीत आली, तिनं ते बंद केलं आणि माणसं डोळ्यात निराधार यंत्र घेऊन उरली.

म्हणून शस्त्रक्रियेआधी पालकांना मी विचारायला लावते: वॉरंटी किती, सुटे भाग कुठे मिळतात, दहा वर्षांनी हे मॉडेल चालेल का? चिलीनं 2021 मध्ये मेंदूतल्या माहितीला राज्यघटनेत संरक्षण दिलं. आपल्याकडे असा कायदा होईल तेव्हा त्यात सुट्या भागांचंही कलम हवं. अंगात बसवलेलं यंत्र माणूस जिवंत असेपर्यंत चालू ठेवायची जबाबदारी कुणाची, आणि कंपनी बुडाली तर ती कुणाकडे जाणार, हे शस्त्रक्रियेच्या आधी कागदावर हवं.