दार आपोआप लागतं का?

इंग्लंडात फ्लॅटच्या मुख्य दाराची तपासणी होते. सागवानी आहे का, पितळी कडी आहे का, याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. तपासनीस दार अर्धवट उघडतो, हात सोडतो आणि नुसता बघत उभा राहतो. दार स्वतःहून येऊन चौकटीत बसलं आणि लॅच कट्कन लागलं, तरच पुढची तपासणी. मग तो वरची आणि दोन्ही बाजूंची फट मोजतो. ती ३ मिलिमीटरच्या आसपास हवी. ५ निघाली की शेरा पडला.

हा नियम २३ जानेवारी २०२३ पासून लागू आहे. ११ मीटरपेक्षा उंच निवासी इमारतीत जिन्याची आणि पॅसेजची दारं दर तीन महिन्यांनी तपासायची, फ्लॅटची मुख्य दारं वर्षातून एकदा. पुण्यात असली नोटीस बोर्डावर लागली, तर पहिला सवाल ठरलेला: दार माझं, पैसे माझे, तुमचा काय संबंध? संबंध असा, की हे दार शेजाऱ्यासाठी असतं. स्वयंपाकघर पेटलं, घरातली माणसं जीव घेऊन पळाली, तर मागे वळून दार ओढून घेण्याचं भान कोणाला असतं? दार उघडं राहिलं की धूर पॅसेजमधून जिन्यात, आणि तिथून वरच्या सगळ्या मजल्यांवर.

१४ जून २०१७ च्या रात्री लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये चौथ्या मजल्यावर फ्रिज पेटला. बाहेरून लावलेल्या ॲल्युमिनियमच्या पॅनेलमध्ये पॉलिथिलीनचा थर होता. आग घराबाहेर पडल्यावर वीसेक मिनिटांत २४ मजली इमारतीच्या माथ्यावर पोहोचली. ७२ माणसं गेली. त्या पॅनेलबद्दल सगळ्या जगाने वाचलं. चौकशीत दारंही पुढे आली, त्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. काही दारांचे क्लोजर (दार आपोआप ओढून लावणारं यंत्र) निघालेले किंवा मोडलेले होते, त्यामुळे धूर अडला नाही आणि इमारतीच्या एकुलत्या एका जिन्यात भरला.

एकुलत्या एका! इथे आपण जरा कॉलर ताठ करायला हरकत नाही. आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडने उंच इमारतींना साधारणपणे दोन जिने केव्हाच सांगितलेत. इंग्लंडात १८ मीटरपेक्षा उंच नव्या निवासी इमारतींना दुसरा जिना सक्तीचा होतोय तो ३० सप्टेंबर २०२६ पासून. भिंतीही आपल्याकडे विटेच्या नाहीतर ब्लॉकच्या, आगीत तग धरणाऱ्या. शिवाय आग लागली तर थांबायला मोकळी ठेवलेली जागा, म्हणजे रेफ्युज एरिया आहे, भले त्यात सध्या गणपतीचं मखर आणि मुलांच्या लहान झालेल्या सायकली असोत.

पण बाणेर, खराडी, बावधन, कुठल्याही टॉवरचा जिना चढून बघा. फायर डोअर आहे, त्यावर दोन तास आग अडवण्याचा शिक्का आहे, आणि खाली वीट. वीट नसेल तर कुंडी. 'दार फार आपटतं हो,' हे कारण. कारण खरं आहे, उपाय चुकीचा. क्लोजरच्या अंगावर दोन छोटे स्क्रू असतात. एकाने दार येण्याचा वेग ठरतो, दुसऱ्याने शेवटच्या वीतभर अंतरातला. दार आपटत असेल तर दुसरा स्क्रू घड्याळाच्या दिशेने पाव फेरा आवळा आणि दार सोडून बघा. अर्धवट थांबत असेल तर उलटा पाव फेरा. स्क्रू पूर्ण बाहेर काढू नका, आतलं तेल दाबाखाली असतं. क्लोजरवरून तेलाचा ओघळ आलेला दिसला तर तो संपला, आवळून काही होणार नाही. बदलताना नंबर बघा: ९५० मिलिमीटर रुंद आणि ६० किलोपर्यंतच्या दाराला ३ नंबर, ११०० मिलिमीटर आणि ८० किलोपर्यंत ४ नंबर. भारी लोखंडी दाराला हलका क्लोजर लावला की ते दार चौकटीपाशी येऊन थबकतं, आणि जिन्यात वारा असेल तर तिथेच झुलत बसतं.

लाकडी दाराचं दुखणं वेगळं. पावसाळ्यात ते फुगतं, सुताराला बोलावतो, तो रंधा मारतो. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की फट ६-७ मिलिमीटर. फायर डोअर असेल तर रंध्याबरोबर कडेची पट्टीही जाऊ शकते. ती पट्टी उष्णतेने फुगून फट बुजवते. तिच्याशेजारचा बारीक ब्रश त्याआधीचा गार धूर अडवतो, आणि रंगारी नेमका त्यावरूनच ऑइल पेंटचा हात फिरवतो. चार एटीएम कार्डं एकावर एक धरली की साधारण ३ मिलिमीटर होतात. ती फटीत सैल फिरत असतील तर सुताराला पुन्हा बोलावा, या वेळी कडेला लाकडाची पट्टी चढवायला. बिजागऱ्या तीन हव्यात आणि पोलादी, ॲल्युमिनियमची ६६० अंशांना वितळते. डिजिटल लॉकसाठी फायर डोअरला मोठी खाच पाडण्याआधी दार बनवणाऱ्याला विचारा, नाहीतर त्या शिक्क्याला अर्थ उरत नाही.

एक गोष्ट मात्र इंग्लंडातल्यांना सांगून पटत नाही. पुण्यात दुपारी जाळीचं सेफ्टी डोअर लावून आतलं दार उघडं टाकतात, ते हवा खेळावी म्हणून. वर्षातले कित्येक महिने हीटर चालवणाऱ्या देशाला ते कसं कळणार? घरात माणसं जागी असताना तेवढी सूट घ्यायला माझी ना नाही. जिन्याच्या दाराला मात्र सूट नाही, आणि रात्री मुख्य दार बंदच हवं. जाळी चोर अडवते, धूर नाही.

पॅसेजमधल्या विजेच्या डक्टमध्ये दर मजल्याच्या स्लॅबला केबलभोवती भोक असतं. ते फायर सीलंटने बुजवतात. साध्या पीयू फोमने बुजवलं तर तोच पेटतो. आणि डक्टमध्ये झाडू-रद्दी नको, एवढंच.

आगीच्या पंपाचं थोडक्यात. पाइपलाइनमध्ये कुठेतरी गळती असते, दाब उतरतो, दाब टिकवणारा छोटा जॉकी पंप रात्रभर चालू-बंद होतो, खालच्या मजल्यावरचे काका वैतागतात आणि वॉचमन पॅनेल 'ऑटो'वरून 'मॅन्युअल'वर टाकतो. त्या क्षणापासून इमारतीत आग विझवायची यंत्रणा नाही. गळती काढा, पॅनेलला हात लावू नका. उन्हाळ्यात टँकर आला नाही म्हणून फायर टाकीतलं पाणी वापरायला काढणं हाही तसलाच उद्योग.

महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीचा फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा ठीक असल्याचा दाखला, द्यावा लागतो. म्हणजे दारं बघायला वर्षातून दोनदा माणूस येतोच, आपण त्याला ऑफिसमध्ये चहा पाजून सही घेतो. पुढच्या खेपेला त्याला आधी सर्वात वरच्या मजल्यावर न्या. हायड्रंट उघडायला लावा, खाली एक जण पंपापाशी उभा करा: दाब उतरल्यावर जॉकी आणि मग मेन पंप कोणी बटण न दाबता सुरू झाला पाहिजे. डिझेल पंप असेल तर बॅटरीवर स्टार्ट करून दाखवायला सांगा, बहुतेक वेळा तिथेच घोडं अडतं. होजच्या पेटीत नोझल आहे का बघा, पितळेच्या भावाने ते जातं. मग लिफ्टने न येता जिन्याने उतरा, प्रत्येक मजल्यावर दार सोडून लॅच लागेपर्यंत थांबा, आणि न लागलेल्या दारांचे मजले त्याच्याच रिपोर्टवर लिहून घ्या.