ऑथ कोडपायी गेलेले २६ दिवस

दुसऱ्याच्या खात्यात अडकलेलं डोमेन, म्हणजे साइटचं नाव, सोडवायचं असेल, तर हल्ली मी त्याचे वेगळे पैसे लावतो आणि कोटेशनच्या पहिल्याच ओळीत तसं लिहितो. ही सवय देवगडकडच्या एका आंबा बागायतदाराच्या कामानंतर लागली. त्यांची साइट नऊ दिवसांत तयार झाली. डोमेन हातात यायला २६ दिवस लागले.

काम तसं साधंच होतं. या बागायतदार काकांची जुनी डॉट कॉम साइट मोबाइलवर पार फुटायची आणि तिच्यावरचे आंब्याचे दर दोन हंगामांपूर्वीचे होते. पाडव्याच्या आत नवी साइट सुरू करून बुकिंग घ्यायचं होतं. डोमेन मात्र तेच हवं होतं, कारण ते पेट्यांवर छापलेलं होतं आणि छापील पुठ्ठ्यांची थप्पी शेडमध्ये तशीच पडून होती. डोमेनची मुदत ११ मार्चला संपत होती. मी कामाला हात घातला १८ जानेवारीला. मला वाटलं, आठवडाभर पुरे.

डोमेन कुठे आहे हे आयकॅनच्या, म्हणजे डोमेन नावांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या, लुकअप पानावर दिसतं. आपण अजून 'हूइज बघ' म्हणतो, पण ती जुनी पद्धत झाली; जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या नावांची अधिकृत माहिती आरडॅप या नव्या पद्धतीतून येते. मालकाचं नाव आणि ईमेल बहुतेक वेळा झाकलेलं असतं. तरी रजिस्ट्रार (नाव नोंदवणारी कंपनी) कोण, मुदत कधीपर्यंत, नेमसर्व्हर (साइट कुठे आहे ते सांगणारे सर्व्हर) कोणाचे आणि स्टेटस काय, एवढं उघड दिसतं. स्टेटसमध्ये 'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड' दिसलं की घाबरायचं कारण नाही, ते नेहमीचं कुलूप असतं आणि खात्यातून एका क्लिकवर उघडतं. खातं आपलं असेल तर.

इथे ते नव्हतं. आधीच्या डिझायनरने डोमेन स्वतःच्या रिसेलर खात्यातून, स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या स्टुडिओच्या ईमेलवर घेतलं होतं. यात त्याचा लबाडीचा हेतू नव्हता. छोट्या गावांत हे सर्रास चालतं, गिऱ्हाइकाला ईमेल काढून देण्यापेक्षा आपला टाकून देणं सोपं जातं. पुढे त्याने स्टुडिओ बंद केला आणि पुण्यात नोकरी धरली. स्टुडिओचं डोमेन त्याने रिन्यू केलं नाही, म्हणजे ज्या ईमेलवर सगळे कोड जाणार, ती पेटीच शिल्लक नव्हती.

ट्रान्सफरसाठी, म्हणजे डोमेन एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे न्यायला, ऑथ कोड नावाचा परवलीचा कोड लागतो, काही जण त्याला ईपीपी कोड म्हणतात. रिसेलरला तिकीट, म्हणजे लेखी तक्रार, टाकलं. उत्तर आलं, 'कोड नोंदणीकृत ईमेलवर पाठवला आहे', आणि तिकीट बंद. तो ईमेल बंद पडलाय असं लिहून दुसरं टाकलं. पुन्हा तेच वाक्य, तिकीट बंद. तिसऱ्या वेळी स्क्रीनशॉट, ईमेल परत आल्याची नोंद, काकांची उद्यम नोंदणी आणि मागच्या वर्षी रिन्यूअलचे पैसे भरल्याची पावती, सगळं जोडलं. दोन दिवसांनी तेच वाक्य, फक्त सही करणारं नाव वेगळं. फोन लावला की 'तिकीटवरच बोला'. अकरा दिवस यात गेले.

मध्ये एक सोपी वाट दिसत होती. स्टुडिओचं सुटलेलं डोमेन हजाराच्या आत मिळत होतं. ते घ्यायचं, त्यावर तोच ईमेल पुन्हा उभा करायचा, कोड आपोआप येईल. हे करू नका. डोमेन तुमचं झालं म्हणून त्या पत्त्यावरचा माणूस तुम्ही होत नाही. उद्या वाद झाला तर दुसऱ्याच्या नावाने कोड घेतला असंच दिसेल. आणि हीच वाट चोरालाही मोकळी असते. तुमच्या गिऱ्हाइकांची डोमेनं तुमच्या स्टुडिओच्या ईमेलवर असतील, तर तुमचं डोमेन सुटलं त्या दिवशी त्या सगळ्यांच्या किल्ल्या रस्त्यावर आल्या.

मग रिसेलर सोडून रजिस्ट्रारकडे गेलो. आपण पैसे भरतो तो पुष्कळदा नुसता मधला दुकानदार असतो, आयकॅनशी करार असतो तो रजिस्ट्रारचा. नियम असा की खात्यात कोड काढायची सोय नसेल, तर मालकाने मागितल्यापासून पाच दिवसांत कोड द्यायला हवा. मी हा नियम मोठ्या तोऱ्यात लिहून पाठवला. त्यांचं उत्तर दोन ओळींचं, आणि बिनतोड होतं: नियमातला मालक म्हणजे नोंदीतला मालक. पैसे काकांचे, पेट्या काकांच्या, पण नोंदीत नाव डिझायनरचं. पावत्या कितीही जोडल्या तरी त्यांच्या लेखी आम्ही त्रयस्थ होतो.

म्हणून असा घोळ समोर आला तर पहिल्या दिवशी जुन्या डिझायनरला शोधा, तिकिटं नंतर. मी त्याला बाराव्या दिवशी फोन केला, कारण तो उचलणार नाही असं मीच गृहीत धरलं होतं. त्याने दुसऱ्या रिंगला उचलला. त्याने दिलेल्या पत्रात डोमेनचं नाव, 'हे मी अमुक यांच्यासाठी घेतलं होतं, मालकी आणि ईमेल त्यांच्या नावे करण्यास माझी संमती आहे', तारीख, सही आणि ओळखपत्राची प्रत एवढंच होतं. नोंदीत त्याच्या नावाचं स्पेलिंग जसं होतं तसंच पत्रात लिहायला सांगितलं. एका अक्षराच्या फरकावरून पहिलं पत्र परत आलं होतं.

आता खरी मेख. मालकाचं नाव, संस्थेचं नाव किंवा नुसता ईमेल बदलला, तरी डॉट कॉमला त्याला मालकी बदल धरतात आणि डोमेनला ६० दिवसांचं ट्रान्सफर कुलूप लागतं. बदलाआधी ते नाकारायची सोय काही रजिस्ट्रार देतात, सगळे नाही. आमच्याकडे ती नव्हती. १३ फेब्रुवारीला बदल झाला तर तिथून ६० दिवस म्हणजे एप्रिलचा मध्य. पाडवा गेला, मुदतही गेली.

हे कळलं त्या रात्री नियम परत वाचला आणि स्वतःचाच राग आला. कुलूप असतं ते दुसऱ्या रजिस्ट्रारकडे जाण्याला. रिन्यूअल करता येतं, नेमसर्व्हर बदलता येतात. आणि त्याच रजिस्ट्रारच्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात डोमेन सरकवायला ऑथ कोड लागत नाही, याला 'पुश' म्हणतात. मला हवी होती मुदतवाढ आणि साइट नव्या होस्टिंगवर. या दोन्हींसाठी कोड कधी लागणारच नव्हता. मी 'ट्रान्सफर' हा शब्द धरून बसलो होतो. काकांच्या नावाने त्याच रजिस्ट्रारकडे खातं काढलं, पत्र दिलं, १३ तारखेला दुपारी डोमेन त्यात आलं. तिथेच दोन वर्षांसाठी रिन्यू केलं.

मुदत उलटून गेली असती तर काय, हेही सांगून ठेवतो. डॉट कॉम लगेच सुटत नाही. ४५ दिवसांपर्यंत साध्या दराने रिन्यू करायची सवलत मिळू शकते, पण प्रत्येक रजिस्ट्रार ती पूर्ण देतोच असं नाही. मग ३० दिवस रिडेम्प्शन, त्यात दंड चांगलाच बसतो. शेवटचे पाच दिवस काहीही करता येत नाही, नंतर नाव सगळ्यांना मोकळं. साइट आणि ईमेल मात्र बहुधा पहिल्या टप्प्यातच बंद पडतात. अशा सवलतीच्या काळात रिन्यू करून ४५ दिवसांच्या आत ट्रान्सफर केलं, तर ते भरलेलं वर्ष वाया जाऊ शकतं, हे लक्षात ठेवा.

नेमसर्व्हर बदलण्याआधी डीएनएसची, म्हणजे साइट आणि ईमेल कुठे जायचे ते सांगणाऱ्या नोंदींची, पूर्ण नक्कल हवी. आदल्या दिवशी नोंदींचा टीटीएल (नोंद किती सेकंद जपून ठेवायची तो आकडा) ८६४०० वरून ३०० वर आणा, म्हणजे एखाद्या नोंदीत चूक झाली तरी ती लवकर सावरता येते. ए, सीनेम, एमएक्स, टीएक्सटी, सगळ्या प्रकारच्या नोंदी उतरवून घ्या. बाहेरून तपासून सगळ्या नोंदी कळत नाहीत, ज्यांचं नाव माहीत आहे त्याच विचारता येतात. मी एमएक्स (ईमेल कुठे यायचा) आणि एसपीएफ (कोणत्या सर्व्हरने पाठवायचा) घेतले, डीकिमची (ईमेलवरच्या डिजिटल सहीची) नोंद राहिली, कारण तिच्या नावातला सिलेक्टर, म्हणजे ती ओळखायचा शब्द, मला ठाऊक नव्हता. दोन दिवस काकांचे दरपत्रकाचे ईमेल लोकांच्या स्पॅममध्ये पडत होते. काकांकडून आलेल्या एखाद्या जुन्या ईमेलचं हेडर उघडलं असतं तर सिलेक्टर तिथेच लिहिलेला सापडला असता. गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये साइट आपली असल्याची पडताळणी टीएक्सटीने केली असेल तर तीही सोबत न्या, आणि जुन्या डिझायनरचं मालकीहक्काचं नाव तिथून काढा.

साइट चढवणं, एसएसएल, फॉर्म, यात सांगण्यासारखं काही नाही. एवढंच, वर्डप्रेसमध्ये काम चालू असताना 'सर्च इंजिनांनी ही साइट बघू नये' ही खूण केलेली असते, ती काढायची विसरू नका. गुगलवर दिसत नाही म्हणून आलेल्या तक्रारींत मी सर्वांत आधी तीच बघतो.

प्रसिद्धीचं म्हणाल तर आंब्याचं गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर आहे. लिंक पाठवल्यावर वर जे चित्र दिसतं ते ओजी इमेजचं, म्हणजे पानाच्या कोडमध्ये त्यासाठी नेमून दिलेलं. १२०० बाय ६३० पिक्सेल ठेवा, पण महत्त्वाचं सगळं मधल्या चौकोनात, कारण काही ठिकाणी तेवढाच भाग कापून दिसतो. आमच्या पहिल्या चित्रात डावीकडे पेटी आणि उजवीकडे दर होता; फोनवर दिसलं ते मधलं गवत. चित्र बदललं तरी जुनंच दिसत राहतं, तेव्हा लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावून व्ही बरोबर २ असं जोडून पाठवा. ब्रॉडकास्ट लिस्ट २५६ जणांची होते, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच निरोप पोचतो. त्यामुळे बुकिंगच्या पानावर 'हा नंबर सेव्ह करा' हे बटण 'ऑर्डर करा'च्या वर ठेवलं.

दराचं पान दरवर्षी नवं काढू नका. पत्त्यात साल घालू नका. त्याच पानावर आजचा दर, आकारानुसार पेटीत किती डझन, आणि तारीख लिहा. हंगाम संपला की ते उडवू नका, पुढच्या वर्षीच्या नोंदणीचा फॉर्म लावा. लोक 'हापूस', 'हापुस' आणि रोमन लिपीत चार तऱ्हेने शोधतात. मजकूर शुद्ध लिहा, पण फोटोंची नावं आणि प्रश्नोत्तरांत हे पर्याय सहज येऊ द्या. फोटो फोनमधून थेट चढवू नका, पाच एमबीचा फोटो १६०० पिक्सेल रुंद करून वेबपी या हलक्या प्रकारात बदलला की दोनशे-तीनशे केबीत बसतो. आणि हापूसला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं म्हणून तो लोगो साइटवर लावायची घाई नको. बागायतदाराची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी हवी. काकांची होती, प्रमाणपत्र पाहिलं, मगच लावला.

आता माझ्या कोटेशनमध्ये लिहिलेलं असतं: डोमेन गिऱ्हाइकाच्या नावावर, त्यांच्या जीमेलवर, त्यांच्या कार्डने, माझ्याकडे फक्त डीएनएसचा प्रवेश. अर्धे पैसे आगाऊ, आणि डोमेनची सुटका असेल तर ती दिवसांवर.

एप्रिलच्या मध्यात कुलूप सुटलं. काकांच्या खात्यात बसून, गंमत म्हणून, ऑथ कोडचं बटण दाबलं. चार सेकंदांत आला. ट्रान्सफर केलंच नाही.