स्ट्रॉबेरी आणि पीठ

आज रविवार सगळा 'द लास्ट ऑफ अस' या मालिकेत गेला. पहिल्या सीझनचे नऊ भाग आहेत, मी 'फक्त दोन बघते' म्हणून बसले आणि चार संपवून उठले.

पहिला भाग दमदार आहे. दुसऱ्यात जकार्तातली पिठाची गिरणी येते, तिथून माणसांना झोंबी बनवणारी बुरशी पसरली असा संशय. नेमकी तेव्हा आई कणीक मळत होती. "कालच दळून आणलेत हो गहू," असं म्हणून तिने परातीकडे असं काही पाहिलं की मला मालिका थांबवून हसावं लागलं.

पण तिसरा भाग! सव्वा तासाचा, आणि झोंबी जवळपास नाहीतच. गावाभोवती कुंपण घालून, सापळे लावून एकटाच राहणारा तिरसट बिल आणि त्याच्या खड्ड्यात पडलेला फ्रँक. २००७ मध्ये भेटतात, २०२३ पर्यंत एकत्र. फ्रँक एक बंदूक देऊन स्ट्रॉबेरीचं बी मिळवतो. पहिलं फळ चाखताना बिल झालेला निक ऑफरमन लहान मुलासारखा खुदकन हसतो, तिथे मी संपले. मुख्य कथा या भागात फार पुढे सरकत नाही ही तक्रार रास्त आहे, पण मला तरी तिचं काही वाटलं नाही.

चौथा ठीकच. एवढं बघितल्यावर कोणताही फिकाच वाटला असता.

आई शेवटी मागे येऊन उभी राहिली होती. डोळे पुसत म्हणाली, "कांदा चिरत होते." आज आमच्याकडे दुधी होता.