फायटोक्रोम आणि पिफ-३ : जुळणं आणि सुटणं दाखवताना

पीएचडीला मला जे पहिलं मोठं काम मिळालं ते यीस्टमधलं होतं. फायटोक्रोम बी हे वनस्पतींचं लाल प्रकाश ओळखणारं प्रथिन आणि पिफ-३ हा त्याचा केंद्रकातला जोडीदार. लाल प्रकाश पडला की हे दोघं एकमेकांना धरतात, फार-रेड (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा प्रकाश) पडला की सोडतात. कॅलिफोर्नियातल्या पीटर क्वेल यांच्या गटाने हे १९९८-९९ मध्येच दाखवलं होतं. आम्हाला पिफ-३ चे बदललेले नमुने तपासायचे होते आणि त्यासाठी हीच चाचणी आमच्याकडे भरवशाने चालायला हवी होती.

सुरुवातीलाच एक निर्णय घ्यावा लागतो. टू-हायब्रिड चाचणीत एका प्रथिनाला डीएनएला चिकटणारा तुकडा लावतात आणि दुसऱ्याला जनुक सक्रिय करणारा; दोघं जुळली की रिपोर्टर, म्हणजे मोजता येणारं खुणेचं जनुक, चालू होतो. मग डीएनएला चिकटणारा तुकडा कुणाला लावायचा? पिफ-३ स्वतःच जनुकं चालू करणारं प्रथिन आहे, त्यामुळे तो तुकडा त्याला लावला तर जोडीदार नसतानाही रिपोर्टर चालू होतो. म्हणून तो फायटोक्रोमला, आणि सक्रिय करणारा तुकडा पिफ-३ ला.

खरी कसोटी रंगद्रव्याची. फायटोक्रोमचं प्रथिन एकटं असेल तर प्रकाशाला आंधळं असतं. त्याला बिलिन जातीचा क्रोमोफोर, म्हणजे प्रकाश शोषणारं रंगद्रव्य, लागतो आणि यीस्ट तो बनवत नाही. आम्ही फायकोसायनोबिलिन हे असं बिलिन स्पिरुलिना या निळ्या-हिरव्या शैवालाच्या भुकटीतून काढलं. आधी मिथेनॉलने धूत राहायचं, वरचा हिरवा रंग जवळजवळ जाईपर्यंत. खाली निळा गाळ उरतो. तो अंधारात मिथेनॉलमध्ये कित्येक तास रिफ्लक्स करायचा (उकळायचा आणि वाफ थंड करून परत त्यातच सोडायची), म्हणजे बिलिन प्रथिनापासून सुटतं. मग गाळून, आटवून, डीएमएसओ या द्रावकात विरघळवून फ्रीझरमध्ये. ही पायरी घाईत उरकणाऱ्यांना मी कळकळीने सांगेन की इथे एक दिवस जास्त द्या. बिलिन कमी पडलं तर पुढचे सगळे आकडे मलूल येतात आणि दोष प्रथिनांवर जातो.

क्रोमोफोर फायटोक्रोमवर खरंच बसला का, हे प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर कळतं. जेल झिंक अ‍ॅसिटेटमध्ये भिजवून अतिनील दिव्याखाली धरलं की बिलिन बसलेली पट्टी नारिंगी चमकते. ती दिसल्याशिवाय मी पुढे गेले नाही.

बिलिन घातल्यानंतरचं सगळं काम मंद हिरव्या दिव्यात. फायटोक्रोम हिरवा प्रकाशही थोडा शोषतं, म्हणून तो दिवासुद्धा गरजेपुरताच. दारावर जाड काळा कपडा, उपकरणांच्या लुकलुकत्या बत्त्यांवर चिकटपट्टी. डोळे सरावायला वेळ लागतो, म्हणून नळ्यांची मांडणी आधीच उजेडात ठरवून ठेवायची.

मोजणी बीटा-गॅलॅक्टोसिडेजची, म्हणजे रिपोर्टर जनुकापासून बनणाऱ्या एन्झाइमची. त्याने ओएनपीजी हे रंगहीन रसायन पिवळं होतं, ते ४२० नॅनोमीटरला वाचायचं. लाल प्रकाशातल्या नळ्या पिवळ्या झाल्या, अंधारातल्या जवळजवळ नाहीत, आणि प्रयोगशाळेत सगळ्यांना काम झालं असं वाटलं. माझ्या मते ते अर्धंच होतं. लाल एलईडीने नळी तापली असेल, यीस्ट जोमाने वाढलं असेल, अशी दहा कारणं काढता येतात. प्रकाशाने जुळलेली जोडी प्रकाशानेच सुटते, हे दिसलं तर पुरावा. १९५२ मध्ये मेरीलँडच्या बेल्ट्सव्हिलमध्ये बॉर्थविक आणि हेंड्रिक्स यांच्या गटाने लेट्यूसच्या बियांवर हेच केलं होतं. लाल आणि फार-रेड आलटून पालटून द्यायचे. शेवटचा प्रकाश लाल असेल तर बी रुजतं, फार-रेड असेल तर बहुतेक रुजत नाही.

आमच्या चाचणीत एक अडचण होती. जोडी सुटली तरी आधी तयार झालेलं एन्झाइम नाहीसं होत नाही. म्हणजे फार-रेड दिल्यावर रंग उतरणार नाही, फक्त चढायचा थांबेल. त्यामुळे एकदाच वाचून भागत नाही. लाल प्रकाशाचा छोटा झोत, काही नळ्यांना लगेच फार-रेड, मग सगळ्या अंधारात, आणि ठरावीक वेळाने नमुने काढत राहायचं. आलेख पाहिला तेव्हा नुसत्या लालची रेघ चढत होती आणि लालनंतर फार-रेड दिलेली अंधाराच्या रेघेला लगटून सपाट होती. त्यावर पुन्हा लाल दिल्यावर ती चढू लागली. इतका आनंद मला त्या वर्षात दुसऱ्या कशाने झाला नाही!

तापमानही कडक सांभाळावं लागलं. फायटोक्रोम बी चं सक्रिय रूप अंधारात आपोआप मागे फिरतं आणि उबेत अधिक वेगाने. वनस्पती यातूनच तापमानही ओळखतात, हे २०१६ मध्ये पुढे आलं.

शेवटचा कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) म्हणजे क्रोमोफोर जिथे जोडला जातो ते ३५७ क्रमांकाचं सिस्टीन हे अमिनो आम्ल बदललेलं फायटोक्रोम. कुठल्याही प्रकाशात रेघ हलली नाही. त्यानंतरच बदललेले पिफ-३ हाती घेतले.

रोपात मात्र गोष्ट इथे थांबत नाही. तिथे जुळल्यावर पिफ-३ वर फॉस्फेट चढतं, युबिक्विटिन ही मोडीत काढायची खूण जोडली जाते आणि लाल प्रकाशात काही मिनिटांतच ते मोडीत निघायला लागतं. यीस्टमध्ये हे पुढचं आम्हाला पाहता येत नाही, म्हणून तिथे निवडलेले नमुने आता अरॅबिडोप्सिस या प्रयोगांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीच्या अंधारात वाढवलेल्या रोपांत घालते आहे.